साफ करणारी टूल्स गेली, दाखवणारी राहिली : दहा महिन्यांच्या वापरानंतर

आधीच सांगते, मी काही कम्प्युटरच्या लाइनमधली नाही. माझा लॅपटॉप आणि घरातला जुना डेस्कटॉप, दोघांची कुरकुर शेवटी माझ्याच गळ्यात येते म्हणून हे सगळं शिकावं लागलं. दहा महिन्यांपूर्वी दोन्ही विंडोज मशीनवर मिळून ती सांभाळायला म्हणून घेतलेली फुकटातली चौदा टूल्स होती, आज निम्मी उरलीत आणि मशीन आधीपेक्षा बरी चालतायत.

सुरुवात फजितीने झाली. "एका क्लिकमध्ये पीसी नव्यासारखा" टाइपचं एक क्लीनर होतं, नाव नको, असली पन्नास सापडतील. त्याने स्कॅन करून ८४३ चुका दाखवल्या, सगळ्या लाल अक्षरात, आणि मी घाबरून 'फिक्स ऑल' दाबलं. स्पीड होता तेवढाच राहिला, पण कागद स्कॅन करायचा स्कॅनर बंद पडला आणि दोन प्रोग्राम उघडेनात. सिस्टिम रिस्टोअर (विंडोजला आधीच्या स्थितीत परत नेणारी सोय) चालू होतं म्हणून वाचले. मागे जायच्या आधी गंमत म्हणून परत स्कॅन मारला तर आणखी तीनशे चुका हजर! मग वाचल्यावर कळलं की या 'चुका' रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोज आणि प्रोग्राम आपली सेटिंग जिथे लिहून ठेवतात तिथल्या, आणि तिथे लाखांनी नोंदी असतात, त्यातल्या काहीशे जुन्या पडून राहिल्या तरी मशीनला ढिम्म फरक पडत नाही, आणि मायक्रोसॉफ्टनेच स्वच्छ सांगितलंय की रजिस्ट्री क्लीनर वापरलेलं आम्हाला मान्य नाही.

तेव्हापासून टूल निवडताना मी एवढंच बघते, की हे मला काही दाखवणार आहे का माझ्या वतीने परस्पर काही करून टाकणार आहे. दाखवणारी ठेवायची.

त्यात माझं सगळ्यात लाडकं क्रिस्टलडिस्कइन्फो. इवलंसं आहे, हार्ड डिस्क स्वतःबद्दल जी माहिती ठेवते ती वाचून दाखवतं, बस. (अ‍ॅनिमेच्या मुलींची चित्रं असलेली एडिशन पण आहे, दचकू नका, साधी घ्या.) डेस्कटॉपवर टाकलं आणि पहिल्याच दिवशी पिवळा 'कॉशन'. ओळ सी५, म्हणजे वाचता न आलेले आणि निकाल लागायचा बाकी असलेले सेक्टर (डिस्कवरचे बारीक कप्पे). मी आकडा बघितला १०, म्हटलं दहाच आहेत, चालतंय की. नंतर कळलं की ते आकडे हेक्समध्ये (दहाऐवजी सोळावर चालणारी मोजणी) असतात, म्हणजे ते सोळा होते! सेटिंगमध्ये जाऊन साधे आकडे करून घ्या बाबांनो. पुढे दर रविवारी बघायचे, १६ चे २४ झाले, २४ चे ५६, तेव्हा सगळा डेटा काढून डिस्क बदलली. कुठल्याही क्लीनरने मला हे सांगितलं नव्हतं, ते बिचारे कुकीज पुसत बसले होते आणि डेस्कटॉप स्लो का तर डिस्कच मरायला टेकलेली.

दुसरं ऑटोरन्स. हे सिसइंटर्नल्सच्या टूल्समधलं, ते सिसइंटर्नल्स मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेलं, २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं, तरी टूल्स फुकटच राहिली. मशीन सुरू होताना काय काय आपोआप उठतं ते सगळं दाखवतं, आणि सगळं म्हणजे खरंच सगळं, पहिल्यांदा उघडलं तर छातीत धस्स होतं. त्यात 'हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज' करायचं की यादी आवाक्यात येते. मला सापडलं काय, तर दोन वर्षांपूर्वी काढलेल्या प्रिंटरचा अपडेटर, तीन मीटिंग अ‍ॅप आणि एक कशाचं आहे तेच न कळणारं. टिक काढायची, डिलीट करायचं नाही, म्हणजे काही बिघडलं तर टिक परत लावता येते. संशयित फाइल तिथूनच व्हायरसटोटल या साइटवर तपासता येते, सत्तरच्या आसपास अँटीव्हायरस इंजिनं एकदम निकाल देतात. फक्त तिथे आपली खासगी कागदपत्रं अपलोड करू नका, वर चढवलेली फाइल सिक्युरिटी कंपन्यांना बघायला मिळते.

जागा कशाने खाल्ली ते बघायला विझट्री. डिस्कवरच्या फाइलींची यादी (एनटीएफएसचं टेबल) थेट वाचतं म्हणून काही सेकंदात अख्खी डिस्क लहानमोठ्या चौकोनांत दिसते, जेवढी फाइल मोठी तेवढा चौकोन मोठा. माझ्याकडे चाळीस जीबी निव्वळ फोनचे जुने बॅकअप निघाले. घरगुती वापराला फुकट, ऑफिसात वापरायचं तर लायसन्स लागतं, ते ध्यानात ठेवा. बाकीची झाडलोट विंडोजचं स्टोरेज सेन्स करतं, त्याला वेगळं काही लागत नाही.

आता अँटीव्हायरस. आधी एक फुकटवालं होतं, दिवसातून दोनदा "तुमचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) उघडा पडलाय" म्हणून घाबरवायचं आणि पेड प्लॅन दाखवायचं. ते काढलं की विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, आपोआप जागा झाला, विंडोज ८ पासून तो आतच असतो. तेव्हापासून तोच, आणि अजून तरी तक्रार नाही. जुन्या हार्ड डिस्कवर फुल स्कॅन चालू असला की चहा पिऊन यावं, हे मात्र आहे. त्यातलं 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' मुद्दाम चालू करावं लागतं, रॅन्समवेअरने (खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) फाइल कुलूपबंद करू नयेत म्हणून ते आहे. पहिला आठवडा डोकं उठतं, माझं फोटो एडिटर सेव्हच करेना, एकेक प्रोग्रामला परवानगी देत बसले. पण आता शांत आहे.

फुकट म्हटलं की पैसे कुठून येतात ते विचारायचंच. अवास्ट या अँटीव्हायरस कंपनीचं उदाहरण सगळ्यांनी लक्षात ठेवावं, त्यांच्या जंपशॉट कंपनीतून युजरचा ब्राउझिंग डेटा विकला जात होता, २०२० मध्ये गाजावाजा झाल्यावर ती बंद केली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफटीसीने (ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था) १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. आणि "अधिकृत साइटवरूनच घ्या" हा सल्ला बरोबरच आहे पण पुरेसा नाही, कारण २०१७ मध्ये सीक्लीनर या साफसफाईच्या टूलची ५.३३ आवृत्ती खुद्द अधिकृत सर्व्हरवरूनच मालवेअरसकट वाटली गेली, कंपनीची डिजिटल सहीसुद्धा खरी, साधारण २२.७ लाख मशीनवर पोचली. म्हणून जे टूल लागत नाही ते ठेवायचंच नाही, प्रत्येक टूल म्हणजे घराला आणखी एक दार.

आपल्याकडे फुकट आणि मुक्त असे दोन वेगळे शब्द आहेत हे किती बरंय. मुक्त म्हणजे सोर्स कोड कोणालाही बघायला उघडा, जसं फाइली झिप करणारं सेव्हन-झिप, पासवर्ड सांभाळणारं कीपासएक्ससी वगैरे. कीपासएक्ससीबद्दल एवढंच, मास्टर पासवर्ड विसरलात तर कोणी वाचवणार नाही. नुसत्या फुकटाचा भरवसा नसतो हे बॅकअप घेणाऱ्या मॅक्रियम रिफ्लेक्टवरून कळलं, छान चाललेली फ्री एडिशन २०२४ च्या सुरुवातीला गुंडाळली. अख्ख्या डिस्कच्या इमेजसाठी (हुबेहूब प्रतीसाठी) मी रेस्क्यूझिलावर आले, पेनड्राइव्हवरून बूट करायचं, थोडं कटकटीचं, पण मुक्त असल्याने उद्या कोणी दार लावणार नाही.

रोजच्या फाइलींची दुसरीकडे प्रत ठेवायला फ्रीफाइलसिंक, आणि इथे चूक माझीच. 'मिरर' मोड लावला होता, एकदा इकडे चुकून फोटोंचा फोल्डर उडवला आणि लक्षात यायच्या आत सिंक केलं, तर तिकडूनही उडाला. मिरर म्हणजे आरसा, आरशाने तेच केलं, त्याला काय बोलणार! रिसायकल बिनमध्ये सापडले म्हणून निभावलं. आता 'व्हर्जनिंग' लावलंय, डिलीट झालेली फाइल वेगळ्या फोल्डरात तारखेनिशी पडून राहते.

ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन, ते सुद्धा फायरफॉक्सवर, क्रोमवर आता त्याची 'लाइट' आवृत्तीच मिळते. डाउनलोड पानावर तीन-तीन हिरवी बटणं आणि खरं बटण कोपऱ्यात बारीक, हा प्रकार त्याने जवळपास संपवला.

राहिलेली कटकट अपडेटची. सेव्हन-झिपसारखी टूल्स स्वतःहून अपडेट होत नाहीत, मी तर तीन वर्षं जुनंच वापरत होते. आता महिन्यातून एकदा टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून विंगेटची, म्हणजे विंडोजमधल्याच प्रोग्राम बसवणाऱ्या टूलची, अपग्रेडची कमांड मारते, बहुतेक सगळं एका फटक्यात होतं. झिपमधून नुसती काढून ठेवलेली दोन टूल्स त्यातून सुटतात, ती मात्र अजून हातानेच.