चार लाखांत जुनी फोर बाय फोर: गगनबावड्याच्या पावसात जिप्सी वापरल्यानंतर

माझं शेत गगनबावडा तालुक्यात आहे. डांबरी रस्ता संपला की जांभ्याच्या दगडांची चढण, मग ओढा, ओढ्यापलीकडे पुन्हा चढण. कोल्हापूर जिल्ह्यात सर्वांत जास्त पाऊस इथंच पडतो, आणि जून ते सप्टेंबर त्या वाटेवर साधी गाडी चढत नाही. लाल चिखलात चाक जागेवर फिरत राहतं. म्हणून फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी गाडी, हवी होती. पैसे होते सगळे मिळून चार लाख. गाडी, नावावर करायचा खर्च, टायर आणि पहिल्या वर्षाची दुरुस्ती त्यातच बसवायची होती. शेवटी २००८ ची मारुतीची जिप्सी घेतली, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) इंजिनची, कापडी हूडची. एक आख्खा पावसाळा आणि नंतरचा उन्हाळा ती भरपूर वापरली आहे. याच बजेटमध्ये शोधणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितोय.

एवढ्या पैशात आणखी काय मिळतं, तेही पाहिलं होतं. महिंद्राची पहिल्या पिढीची थार, म्हणजे २०१० ते २०२० मधली, सगळ्यांच्याच मनात असते. तिच्या सीआरडीई डिझेल इंजिनाला २४७ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद, आहे; लो रेंजमध्ये, म्हणजे ताकद वाढवणाऱ्या सावकाश गिअरात, ती निवांत चढते. पण चांगली राखलेली थार माझ्या बजेटच्या बरीच वर, आणि बजेटात बसणाऱ्या बहुतेक पिळून काढलेल्या: मोठे टायर, लोखंडी बंपर, कापलेल्या वायरी. सफारी आणि स्कॉर्पिओच्या फोर बाय फोर गाड्या पैशाच्या मानाने भरपूर मोठ्या मिळतात. मात्र दोन टनांच्या आसपासची गाडी ओल्या जांभ्याच्या उतारावर एकदा घसरायला लागली की थांबवणं अवघड, आणि बटनावर लागणारी त्यांची फोर बाय फोर बिघडली तर तालुक्याच्या गॅरेजमध्ये ती उघडणारा माणूस सापडत नाही. फोर्सची गुरखा मला मनापासून आवडते. २०१३ च्या मॉडेलपासून पुढचा आणि मागचा दोन्ही डिफरेन्शियल लॉक, म्हणजे डावं-उजवं चाक एकत्र फिरवणारी सोय, कंपनीकडूनच येतो. पण मुळात विकल्या गेल्याच कमी, त्यामुळे जुन्या बाजारात हाती लागत नाही. लष्कराच्या लिलावातून आलेल्या जीप आणि महिंद्राच्या एमएम ५४० स्वस्त दिसतात. त्यांचं दुखणं कागदात असतं, त्याबद्दल पुढे.

जिप्सीचं गणित वेगळं आहे. १९८५ मध्ये ९७० सीसी इंजिनावर ती भारतात आली, १९९६ मध्ये १.३ लिटरचं इंजिन आणि पाच गिअर घेऊन जिप्सी किंग आली, आणि २००० पासून एमपीएफआय, ८० अश्वशक्तीची. बांधणी शेवटपर्यंत जवळपास तीच राहिली: वेगळी चासी, पुढे-मागे सरळ हाउसिंग (दोन चाकांना जोडणारी अखंड लोखंडी नळी), चारही चाकांना पाटे. लष्कराने ती मोठ्या संख्येने वापरली, जंगल सफारीवाल्यांनी वापरली, म्हणून सुटे भाग अजून मिळतात. वजन हजार किलोच्या आतबाहेर. घ्यायचीच तर २००० नंतरची घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीला प्रेम लागतं आणि ते करायला वेळही लागतो.

आता मुख्य मुद्दा. जुनी फोर बाय फोर बघायला गेल्यावर बहुतेक जण आधी बॉनेट उघडतात, रेस देतात आणि धूर बघतात. क्रम उलटा हवा: आधी कागद, मग चासी, मग पत्रा, मग फोर बाय फोरची यंत्रणा आणि सगळ्यात शेवटी इंजिन. मी सोबत ज्या मिस्त्रींना नेत होतो, त्या मामांचं म्हणणं असं: "इंजिन काय ओ, कधीबी बांधता येतंय. उद्यमनगर कशाला हाय मग? चासीला आतनं गंज लागला असला तर ती गाडी तिथंच सोडायची." कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनाचं काम करणारे पिढ्यान्‌पिढ्यांचे कारागीर आहेत, त्यामुळे ते सहज बोलले. पण पुणे-नाशिकलाही हेच लागू आहे.

मामांची बघायची पद्धत सांगतो. गाडीखाली ताडपत्री टाकून आडवे होतात, हातात बॅटरी आणि लाकडी मुठीचा जुना स्क्रूड्रायव्हर. मागच्या पाट्याचा हँगर जिथं चासीला जोडलेला असतो तिथून सुरुवात. आधी मुठीने ठोकतात. टणक आवाज आला तर पुढे सरकतात, भद्द आवाज आला की टोक दाबून बघतात. एका गाडीला वरून नवा काळा रंग मारला होता, चमकत होती. टोक आत गेलं आणि रंगाखालून तपकिरी भुगा त्यांच्या छातीवर पडला. किनाऱ्यावर वापरलेली गाडी असली की हे हमखास. जिप्सीत ड्रायव्हरच्या पायाखालचा मॅट उचलून बघा, काचेच्या फ्रेमची खालची कड बघा, मागच्या चाकाच्या वरची आतली बाजू बघा. पत्रा बदलता येतो, पण ते काम एकदा उघडलं की वाढतच जातं.

फोर बाय फोर तपासताना लिव्हर पुढे पडला म्हणजे झालं, असं समजू नका. जिप्सीत गिअर बॉक्स आणि ताकद पुढे-मागे वाटणारा ट्रान्सफर वेगवेगळे बसवलेले आहेत, त्यामुळे मधला एक आखूड, पुढचा आणि मागचा असे तीन प्रॉपेलर शाफ्ट असतात. थरथर कमी व्हावी किंवा अॅव्हरेज वाढावं म्हणून काही मालक पुढचा शाफ्टच काढून ठेवतात. लिव्हर पडतो, पुढे काहीच फिरत नाही. म्हणून खाली वाकून शाफ्ट जागेवर आहे का ते डोळ्यांनी पाहा. मग मातीच्या मोकळ्या जागेत लो लावून स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि हळू फिरवा. गाडी आखडल्यासारखी झाली, पुढचं चाक माती ओरबाडायला लागलं, तर पुढे ताकद पोचतेय. डांबरावर ही चाचणी करू नका. पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या गतीने फिरू देणारं डिफरेन्शियल मधे नसल्याने सगळा ताण शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसवर आणि गिअरवर येतो.

त्यानंतर पुढची बाजू जॅकवर घेऊन चाक वरखाली धरून हलवायचं. ढिलं लागलं तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिनचं बेअरिंग गेलंय. चाकाच्या आतल्या गोळ्यावरून तेल-ग्रीस ओघळलं असेल तर सील गेलेलं. मग दोन्ही हाउसिंगचं तेल थोडं काढून बघायचं. दुधाळ निघालं तर आत पाणी गेलंय आणि आतल्या क्राऊन-पिनियन गिअरची खात्री देता येत नाही. हे बघू न देणाऱ्या मालकाकडून मी गाडी घेतली नसती.

कागदांचं. परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की नोंदणी कधीपर्यंत आहे, बोजा आहे का, विमा आहे का, हे कळतं. थकीत ई-चलनही बघून घ्या. पण चासी नंबर मात्र प्रत्यक्ष जुळवा. ग्रीस पुसून, कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप उमटते. आरटीओतही तेच करतात. नंबराच्या आसपास वेल्डिंग किंवा घासलेलं दिसलं तर भाव कितीही कमी असला तरी नमस्कार करून निघा. लिलावाच्या आणि दोन गाड्या जोडून बांधलेल्या जीपमध्ये इथंच घोळ असतो: कागद एका गाडीचे, चासी दुसरीची, इंजिन तिसरीचं. इंजिन बदललेलं असेल तर आरसीवर त्याची नोंद हवी. मूळ बनावटीत मनमानी बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. सफारीला लावलेली जिप्सी असेल तर ती प्रवासी परवान्याची असू शकते. खासगी करून घ्यायचा व्याप वेगळा.

पंधरा वर्षं झालेल्या गाडीचं पुन्हा पासिंग लागतं, ते पाच वर्षांसाठी मिळतं. एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं, शिवाय पर्यावरण कर. म्हणून पासिंग आधीच झालेली गाडी शोधली; माझी २०२८ पर्यंत आहे. दिल्लीकडे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं असल्याने तिकडच्या जिप्सी स्वस्तात इकडे येतात. भाव मोहात पाडतो, पण एनओसी, इथला कर आणि नवा नंबर हे सगळं मिळवून बेरीज केली तर फरक फारसा उरत नाही. त्यापेक्षा आपल्याच आरटीओची चार पैसे जास्त देऊन घेतलेली बरी. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की लगेच नावावर करून घ्या. नुसत्या सह्या घेऊन वर्षानुवर्षं फिरणारे लोक पुढच्या गिऱ्हाइकाला अडकवतात.

गाडी दोन लाख नव्वद हजारांना ठरली. उरलेल्यातले साधारण ऐंशी हजार पहिल्या काही महिन्यांतच लागले, आणि ते लागणारच होते. पाचही टायर, पुढच्या दोन्ही बाजूंची सील आणि बेअरिंग, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, पाट्यांचे बुश, पेट्रोलच्या कडक झालेल्या रबरी नळ्या, क्लच प्लेट, सगळी तेलं. नळ्या बदलायला विसरू नका. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि या गाड्यांचं जुनं रबर त्यासाठी बनलेलं नाही. ज्याच्याकडे चार लाख आहेत त्याने चार लाखांची गाडी बघूच नये, तीनची बघावी.

पावसाळ्यातला अनुभव उत्तम. जुलैत जांभ्याच्या चढणीवर ती ज्या सहजतेने जाते ते बघून गावातले ट्रॅक्टरवालेसुद्धा थांबून बघतात. वजन कमी आणि टायर अरुंद, त्यामुळे चाक चिखल कापून खालच्या कठीण थरापर्यंत पोचतं. कंपनीच्या मापाचेच २०५/७० आर १५ टायर ठेवले आहेत, फक्त नक्षी खोल. मोठ्या टायरने गाडी रुबाबदार दिसते, पण गिअरिंग उंच होतं, अॅक्सलवर ताण येतो, आणि या इंजिनाला ते पेलत नाही. चिखल जास्त असेल तर हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवतो. त्याने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही महागड्या सामानाने पडत नाही. परत भरायला बॅटरीवरचा छोटा पंप मात्र हवाच.

उणीव कुठे, तर ताकद वरच्या फेऱ्यांत आहे. १०३ न्यूटन मीटर टॉर्क, तोही साडेचार हजार फेऱ्यांना. लो रेंजही फार खोल नाही: हायचं प्रमाण १.४०९, लोचं २.२६८. त्यामुळे मोठ्या दगडांवरून अगदी सावकाश चढताना क्लच थोडा सरकवावा लागतो, आणि दोन-तीनदा तसं केलं की जळका वास येतो. डिझेलची सवय असलेल्याला हे जमवून घ्यायला वेळ लागेल. लॉक नसल्याने तिरप्या खड्ड्यात एका बाजूचं पुढचं आणि दुसऱ्या बाजूचं मागचं चाक उचललं की गाडी थांबते. दगड भरा, वाट बदला, इलाज दुसरा नाही.

ओढ्यासाठी केलेलं सर्वांत स्वस्त आणि मोलाचं काम म्हणजे हाउसिंगच्या ब्रीदरला, म्हणजे हवा येण्याजाण्याच्या भोकाला, लांब नळी जोडून तिचं टोक इंजिनापाशी वर बांधणं. गरम झालेलं हाउसिंग गार पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. काही रुपयांच्या नळीने ते टळतं. पावसाळ्यानंतर तेल काढून बघितलं, स्वच्छ होतं.

तरीही पाण्याची मर्यादा पाळतो: चाकाच्या मध्यापर्यंत, आणि तळ दिसत असेल किंवा चालत जाऊन बघितला असेल तरच. कुंभीचं पाणी मांडुकलीजवळ रस्त्यावर आलं की परत फिरायचं. हजार किलोची गाडी वाहत्या पाण्यात उचलली जाते, तिथं फोर बाय फोर काही करू शकत नाही. आणि एक मनापासून सांगणं: पावसाळ्यात सड्यांवर, पठारांवर गाडी घालू नका. जांभ्यावरची माती बोटभर असते, तिच्यातच ती छोटी फुलझाडं जगतात. चाकाची एक घळ पडली की पाणी तिथून माती घेऊन जातं आणि तो पट्टा कित्येक वर्षं बोडका राहतो. वाट असेल तिथंच गाडी, पुढे पायी.

रोजच्या वापराबद्दल थोडक्यात. कोल्हापूरहून शेत साधारण ५५ किलोमीटर. डांबरावर पाटे प्रत्येक खड्डा सांगतात, ७० च्या पुढे गेलं की बोलणं ऐकू येत नाही. एसी नाही, एअरबॅग नाही, एबीएस नाही, मागे आडव्या बाकांवर बसायचं. आई एकदा बसली आणि पुढच्या वेळी एसटीने आली. घरात ही एकच गाडी असणार असेल तर घेऊ नका, हे ठामपणे सांगतो. लिटरला नऊ-दहा किलोमीटर मिळतात, शेतावरच्या लोमध्ये त्याहून कमी. हूडमधून पाणी गुडघ्यावर ठिबकायचं, ते नवीन रबर आणि शिवण घालून बऱ्यापैकी थांबलं.

आता पावसाआधी मागच्या पाट्यांत एक जादा पान घालायचंय, कारण खताची पोती टाकली की मागची बाजू बसते. आणि चासीला आतून गंजरोधक फवारून घ्यायचं, ते उन्हाळ्यात, गाडी पूर्ण वाळलेली असतानाच. मामांनी मे महिन्यातला दिवस दिलाय.