पाचवा स्टार कमोडच्या खुर्चीपायी गेला

जानेवारीत थोरल्या भावाला घेऊन अकरा दिवस इथल्या हाडांच्या वॉर्डात काढले. हॉस्पिटलचे चार स्टार देतोय, ते कशाचे ते सांगतो.

ऊस भरलेल्या ट्रॉलीची पिन निसटली, ट्रॉली उतारानं मागं आली आणि दादा ट्रॉली नि बांधाच्या मधे सापडला. डावा पाय बाहेरच्या अंगाला वळलेला, उजव्यापेक्षा आखूड दिसत होता. खुब्याच्या जरा खाली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला शर्टाच्या बटणाएवढं भोक, आणि त्यात हाडाचं पांढरं टोक. वहिनींनी घाबरून चिमूट-दोन चिमूट नाही, मूठभर हळद दाबली. चुलते म्हणाले, हाडवैद्याकडं नेऊ. मी १०८ लावला.

गाडीतल्या डॉक्टर मुलीनं हाड आत ढकललं नाही, पाय ओढूनही बघितला नाही. मोबाइलवर जखमेचा फोटो काढला, सलाईननं भिजवलेली पट्टी ठेवली आणि मधे चादरीची घडी घालून दोन्ही पाय एकत्र बांधले. फोटो कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, "आता पट्टी थेट ऑपरेशनलाच उघडायची. तोवर ज्याला बघायची त्यानं फोटो बघावा." पाणीसुद्धा द्यायचं नाही म्हणाली, रात्रीच भूल द्यावी लागणार. चुलत्यांनी आणलेला चहा शेवटी चुलत्यांनीच प्यायला.

कॅज्युअल्टीत माझं पहिलं भांडण झालं. मी म्हणतोय आधी एक्स-रे काढा, आणि ते अँटिबायोटिकची इंजेक्शनं भरतायत, धनुर्वाताचंही. तिथले डॉक्टर चिडले नाहीत. "एक्स-रे अर्ध्या तासानं झाला तरी चालेल, हे पहिलं इंजेक्शन तासाच्या आत गेलंच पाहिजे," एवढंच म्हणाले. भांडण माझं चुकलं होतं, हे नंतर कळलं.

मला वाटलेलं, एवढंसं भोक, दोन टाके घालतील. पण हाड कातडी फाडून बाहेर आलं की त्या फ्रॅक्चरची प्रत ठरवतात, एक ते तीन. एक सेंटीमीटरच्या आतली स्वच्छ जखम पहिल्या प्रतीची. दादाची जखम मापानं त्यातच बसत होती, पण शेतातली माती आणि शेणखत लागलं की भोक केवढं का असेना, थेट तिसरी. शिवाय खुब्याभोवती मांस इतकं जाड असतं की तिथलं हाड सहसा बाहेर येतच नाही. आमची आजी न्हाणीत घसरून खुबा मोडून बसली होती, तिचं सगळं आतल्या आत होतं. बाहेर आलंय म्हणजे मार तेवढा मोठा आणि आत रक्तही तेवढंच गेलेलं. मांडीत लिटर-दीड लिटर रक्त साठतं आणि वरून फक्त सूज दिसते. दोन बाटल्या चढवल्या.

रात्री साडेअकराला आत नेलं. सलाईनच्या तीन-तीन लिटरच्या तीन पिशव्या नुसत्या धुण्यात गेल्या. मेलेलं मांस कापून काढलं, आणि हळद. भोक जागच्या जागी मोठं करून धुतलं आणि टाके घातलेच नाहीत! वहिनी रडायला लागल्या की जखम उघडीच ठेवली. घाण आत कोंडली तर पू हाडापर्यंत जातो, म्हणून उघडी. नडगीत पिन घालून पायाला वजनं लटकवली, दोन दिवसांनी पुन्हा आत नेऊन धुतलं, जखम चांगली दिसली तेव्हाच मांडीच्या हाडात लांब रॉड बसवला.

मोठ्या सरांचं एक आवडलं. खुब्याचा गोळा वाळेल का, असं मी कुठंतरी वाचून विचारलं. त्यांनी विचारलं, आंब्याची बाग आहे का? "देठ तुटला तर आंबा सुकतो. यांचं देठाच्या खाली, फांदीत मोडलंय. देठ शाबूत आहे." काळजी गोळ्याची नाही, जंतूंची आणि हाड न जुळण्याची, असं स्पष्ट सांगितलं. सिस्टरनं त्याच वेळी दादाच्या उशीखालची तंबाखूची पुडी काढून कचऱ्यात टाकली. हाड जुळायला ती आडवी येते म्हणे.

पैशाचं: महात्मा फुले योजनेत बसलं, पण रेशनकार्डावर दादाच्या नावात एक काना कमी. त्या एका कान्यापायी दीड दिवस गेला. इथल्या आरोग्यमित्रानं स्वतः फोन करकरून ते मिटवलं.

आता कापलेला स्टार. अकरा दिवसांत घरी काय लागणार हे कुणी एका शब्दानं सांगितलं नाही. डिस्चार्जच्या सकाळी कागदावर लिहून दिलं: उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, डावा पाय फक्त टेकवायचा. आमच्या घरी देशी संडास, तोही अंगणाच्या पलीकडं. चार वाजता बिलाचं सुटलं, मग समोरच्या दुकानातून म्हणेल त्या भावानं कमोडची खुर्ची आणि वॉकर घेतला. खुर्चीच्या एका पायाचं रबर तिसऱ्या दिवशी निघालं, शहाबादी फरशीवर खुर्ची सरकली, दादा थोडक्यात वाचला. हेच पाचव्या दिवशी सांगितलं असतं तर गावातल्या सुतारानं सागवानी करून दिली असती. फिजिओवालेही अकरा दिवसांत दोनदाच आले, घोटा वर-खाली करा म्हणून गेले. रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून पोटात टोचायची इंजेक्शनं मात्र सिस्टरनं मला हाताला धरून शिकवली.

तीन महिन्यांच्या एक्स-रेत हाड धरलेलं दिसतंय. जखम कोरडी आहे. दादानं सरांना विचारलं, ट्रॅक्टरवर कधी बसू? सर म्हणाले, आधी ट्रॉलीची पिन बदला.

जाणाऱ्यांसाठी: कॅश काउंटर दोन ते तीन बंद असतं, आणि मागच्या गेटला सावलीत गाडी लावता येते.