खाडे वाढलेत : आधी नजर वाढवायची की भरवसा?

कारखान्यात खाडे वाढले की मालकापुढे दोन वाटा असतात. थंब मशीन बसवा, पगार कापा, सुपरवायझरला मागे लावा. नाहीतर माणसं का येत नाहीत, ते आधी त्यांनाच विचारा. अमेरिकी व्यवस्थापनतज्ज्ञ डग्लस मॅकग्रेगर यांनी १९६० साली या दोन वाटांमागच्या समजुतींना 'एक्स' आणि 'वाय' अशी नावं दिली. 'एक्स' म्हणजे माणूस मुळातच कामचुकार. 'वाय' म्हणजे संधी दिली तर तो जबाबदारी अंगावर घेतो.

यातलं काय निवडावं हे ठरवताना मला कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा मोटारींचा कारखाना सगळ्यात मोलाचा वाटतो. तिथे इमारत तीच होती, युनियन तीच होती आणि कामगारही बहुतेक तेच. बदलला तो फक्त साहेब.

आधीच्या मालकाच्या, जनरल मोटर्सच्या काळात गाड्या जोडण्याची लाइन थांबवणं हा मोठा गुन्हा. भाग चुकीचा बसला तरी गाडी पुढे जाऊ द्यायची, दुरुस्ती शेवटी. चूक डोळ्यांसमोर दिसत असून हात लावायचा नाही, असं वर्षानुवर्षं चाललं तर कोणाला कामावर यावंसं वाटेल? गैरहजेरी २० टक्क्यांच्या घरात गेली होती. 'हे असेच आहेत' ही साहेबांची खात्री त्यामुळे आणखी पक्की होत गेली. १९८२ मध्ये कारखाना बंद पडला.

१९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो 'नुमी' नावाने सुरू झाला. शेकडो जणांना शिकायला जपानला पाठवलं. प्रत्येकाच्या हाताशी एक दोरी आली. ती ओढली की टीम लीडर मदतीला येई आणि अडचण सुटेना तर लाइन थांबे. साहेब आणि कामगार एकाच कँटीनमध्ये जेवत. पुढे मागणी घसरली, तरी कोणाला घरी न पाठवता प्रशिक्षणाला बसवलं. गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली.

पण भरवसा म्हणजे ढिलाई नव्हे. नुमीत हजेरीचे नियम कडकच होते. जादा माणसं ठेवलेली नसल्याने एकाचा खाडा त्याच्या टीमवर पडे. कामाचा वेग दमवतो, अशी तक्रारही तिथल्या काही कामगारांनी केली आणि ती मला खरी वाटते.

तरी माझा कौल दुसऱ्या, म्हणजे भरवशाच्याच वाटेला आहे. मात्र फक्त पद्धत उचलून आणू नका. जनरल मोटर्सने हीच टीमची पद्धत लॉस एंजेलिसमधल्या व्हॅन नाइसच्या कारखान्यात नेली. साहेब आणि कामगारांमधली जुनी अढी तशीच राहिली, पद्धत रुजली नाही आणि १९९२ मध्ये तो कारखानाही बंद झाला.

म्हणून मशीनची ऑर्डर देण्याआधी आपल्याच शेडमध्ये आठवडाभर लक्ष ठेवा. चूक दाखवणाऱ्या पोराला शाबासकी मिळते की ओरडा? दोन दिवसांनी परतलेल्याला सुपरवायझर 'घरी सगळं ठीक ना?' विचारतो, की आधी रजिस्टर पुढे करतो?