माझ्याकडून ९० दिवस, कंपनीकडून ३०: नोटीस पीरियडच्या भांडणात उपयोगी पडलेल्या वकीलबाई

पुण्यात शिवाजीनगर कोर्टापासून चालत पाच मिनिटांवर, झेरॉक्सच्या दुकानावरच्या दुसऱ्या मजल्यावर एका वकीलबाईंचं ऑफिस आहे. कामं फक्त नोकरीच्या भांडणांची घेतात. वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे, म्हणून नाव लिहू नका असं त्यांनी बजावलंय. ते मी पाळते. पण अनुभव लिहायलाच हवा, कारण दोन वर्षांपूर्वी मी अशीच माहिती शोधत रात्र रात्र जागले होते आणि काही मिळालं नव्हतं.

मी हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला होते. ऑक्टोबर २०१७ ला लागले, २ जानेवारी २०२४ ला पेपर टाकला, म्हणजे राजीनामा दिला. नव्या ठिकाणी १ फेब्रुवारीला रुजू व्हायचं होतं, ते त्याहून जास्त थांबायला तयार नव्हते. माझ्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये नोटीस ९० दिवसांची. मी महिनाभर राहिले, रोज केटी दिली (म्हणजे माझं काम दुसऱ्यांना समजावून दिलं), सगळ्या टेस्ट केसेस लिहून हवाली केल्या, मॅनेजरचा 'हँडओव्हर पूर्ण' असा मेल घेतला. तरी ३१ जानेवारीला एचआरचा हिशेब आला: ६० दिवस कमी भरले, त्याचा ग्रॉस, म्हणजे भत्त्यांसकट पूर्ण पगार १,५६,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण १,८४,०८० भरा. तोवर रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) नाही, ग्रॅच्युइटी नाही.

ज्या आठवड्यात मी पेपर टाकला त्याच आठवड्यात आमच्या मजल्यावरच्या अकरा जणांना घरी पाठवलं होतं. माझ्या शेजारच्या टेबलवरचा सहकारी नऊ वर्षं तिथे होता. त्याला दुपारी तीनला मीटिंग रूममध्ये बोलावलं, साडेतीनला लॅपटॉप काढून घेतला. हातात काय, तर ३० दिवसांचा बेसिक, म्हणजे भत्ते सोडून नुसता मूळ पगार. दोघांचं अपॉइंटमेंट लेटर एकाच नमुन्याचं.

आता बाईंच्या सेवेबद्दल. पहिल्या भेटीची फी १,५०० रुपये. मला वाटलं होतं आधी माझी कहाणी ऐकतील. त्यांनी हात पुढे करून फक्त लेटर मागितलं आणि वीस मिनिटं एक शब्द न बोलता वाचलं. हातात हिरवी पेन्सिल. सातव्या पानावर थांबल्या, दोन ओळींखाली रेघ मारली आणि कागद माझ्याकडे फिरवला. 'कर्मचाऱ्याने ९० दिवसांची नोटीस किंवा त्याबदली ग्रॉस पगार द्यावा.' खाली, 'कंपनीने ३० दिवसांची नोटीस किंवा त्याबदली बेसिक द्यावा.' मी या लेटरवर सही केली होती, सहा वर्षं ते माझ्या कपाटात होतं, आणि ग्रॉस आणि बेसिक हा फरक मी कधी वाचलाच नव्हता. माझा ग्रॉस ७८,०००, बेसिक ३१,२००. म्हणजे माझा एक दिवस कंपनीला द्यायचा तर २,६०० रुपयांचा, आणि कंपनीने मला द्यायचा तर १,०४० चा.

मग मी कायद्याने कामगार ठरते की मॅनेजर, हे बघायला प्रश्न सुरू झाले. हाताखाली किती माणसं होती? कोणाची रजा तुम्ही मंजूर करायचात का? कोणाला काढायचा अधिकार होता का? माझ्या कार्डावर 'लीड' लिहिलेलं होतं, पण रजा सोडाच, मी कोणाचं टाइमशीटसुद्धा मंजूर करत नव्हते. बाई म्हणाल्या, "कार्डावरचं नाव कोर्ट बघत नाही, रोजचं काम बघतं. तुमचं काम तांत्रिक आहे. 'आयटीवाल्यांना कामगार कायदा नाही' असं कोणी सांगितलं तर लगेच मान हलवू नका."

हिशेब त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मांडला. ते पान मी मागून घेतलं, अजून जपून ठेवलंय. आधी जीएसटी खोडला: नोटीसच्या वसुलीवर जीएसटी लागत नाही, असा खुलासा ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात सरकारने केला आहे. मग ग्रॅच्युइटी. बेसिकला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, पूर्ण झालेल्या वर्षांनी गुणायचं: १,०८,००० रुपये. तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याप्रमाणे ही रक्कम ३० दिवसांत द्यावी लागायची. रोखायची किंवा कापायची कारणं त्या कायद्यातच मोजून दिलेली होती, नोटीस कमी भरली हे त्यात नव्हतं. पीएफलाही हात लावता येत नाही.

उरले ते साठ दिवस. इथे बाईंनी मला खोटा धीर दिला नाही. "तुम्ही सही केली आहे, काहीतरी द्यावं लागेल," असं स्पष्ट सांगितलं. मात्र कोणालाही जबरदस्तीने नोकरीत बसवून ठेवता येत नाही, कोर्टही तसा हुकूम देत नाही. कंपनी पैसे मागू शकते, तेसुद्धा वाजवी भरपाई म्हणून. आणि कंपनी स्वतः तीस दिवसांचे बेसिकने देते, तर माझ्याकडून ग्रॉसने कशाच्या जोरावर मागते? हाच एक मुद्दा धरून त्यांनी दोन पानी पत्र लिहिलं. त्याची फी ५,००० रुपये. भाषा इतकी सभ्य, की मला वाटलं याने काय होणार. अकराव्या दिवशी रिलीव्हिंग लेटर मेलवर आलं. वसुली बेसिकवर, ६२,४०० रुपये. त्यातून माझ्या शिल्लक १८ रजांचे १८,७२० वजा. मी ४३,६८० भरले आणि ग्रॅच्युइटी पुरी मिळाली.

तरीही ते ४३,६८० मला आजही टोचतात. केटीला वेळ लागतो, हे मला मान्य आहे. ऑफर हातात धरून चार ठिकाणी भाव करणारेही असतात, तेही पाहिलंय. पण माणूस गेला तर कंपनीचं एक काम अडतं, आणि नोकरी गेली तर माणसाचा हप्ता, मुलांची फी, आईची औषधं, सगळंच अडतं. मग जास्त दिवस कोणाला मिळायला हवेत? माझा भाऊ जर्मनीत असतो. तिथे सोडून जाणाऱ्याला कायद्याने चार आठवडे पुरतात, आणि कंपनीने काढायचं तर नोटीस नोकरीच्या वर्षांबरोबर वाढते: पाच वर्षांना दोन महिने, दहाला चार, वीसला सात. करारात कर्मचाऱ्याची नोटीस कंपनीपेक्षा लांब ठेवताच येत नाही. माझं सातवं पान मी त्याला व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं, तर त्याने ते दोनदा वाचायला लावलं.

शेजारच्या टेबलवरच्या सहकाऱ्यालाही मी बाईंकडे घेऊन गेले. त्याची गोष्ट माझ्याइतकी सरळ निघाली नाही. वर्षाहून जास्त नोकरी झालेल्या कामगाराला कपात (नोकरकपात) म्हणून काढायचं तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि शिवाय दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार, असं १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं. नऊ वर्षांचे १३५ दिवस झाले असते. पण मीटिंग रूममध्ये त्याच्याकडून राजीनाम्यावर सही घेतली होती. राजीनामा म्हटला की कपात नाही, कपात नाही की भरपाई नाही. 'सही करा, नाहीतर रिलीव्हिंगमध्ये शेरा येईल' असं त्याला तोंडी सांगितलेलं. बाईंनी विचारलं, मीटिंगचं कॅलेंडर इन्व्हाइट आहे का, त्या संध्याकाळी बायकोला काही मेसेज केला होता का? मेसेज होता: 'काढलं मला. घरी येतो.' त्याच्याच जोरावर त्यांनी कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज घातला. प्रकरण अजून चालू आहे. तारखेला त्या स्वतः येतात, ज्युनिअरला पाठवून मोकळ्या होत नाहीत, हे मुद्दाम लिहिते.

गेल्या महिन्यात मी आतेबहिणीला घेऊन गेले होते, तिची पहिलीच नोकरी, लेटरवर सही करायच्या आधी. नोटीस पुन्हा तीच, ९० आणि ३०. बाईंनी तिला तीन ओळींचा मेल लिहून दिला. दिवस बदलायला कंपनीने नकार दिला, पण वसुली बेसिकवरच होईल आणि शिल्लक रजा त्यातून वजा होईल, हे लेखी दिलं. नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत, त्यातलंही दोन गोष्टींचं समजावलं: राजीनामा असो वा कपात, पगाराचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा, आणि कपात झाली तर भरपाईखेरीज पंधरा दिवसांच्या पगाराइतकी रक्कम नवं कौशल्य शिकायच्या निधीतून पंचेचाळीस दिवसांत खात्यावर यायला हवी. नोटीस दोन्ही बाजूंना सारखी हवी, असं मात्र त्यातही कुठे नाही, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं.

त्रास काय, तेही सांगते. फोन उचलत नाहीत, व्हॉट्सॲपला दोन-दोन दिवस उत्तर नाही. त्या काळात माझा जीव टांगणीला लागला होता, एवढं तरी कळवायला हवं होतं की पत्र गेलं. लिफ्ट नाही. बसायला चारच खुर्च्या, मी पहिल्यांदा दीड तास जिन्यात उभी होते. फीची पावती मागितल्यावरच मिळते. म्हणून पाचपैकी चार.

जायचं असेल तर संध्याकाळी साडेपाचनंतर जा, दिवसभर त्या कोर्टात असतात. अपॉइंटमेंट लेटरची सगळी पानं न्या, पहिलं आणि शेवटचं नुसतं चालत नाही. शेवटच्या सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिप, रजेच्या शिलकीचा स्क्रीनशॉट आणि हँडओव्हरचे मेल कंपनीचा लॅपटॉप परत करायच्या आधी, आपल्याला मुभा असेल तेवढे, काढून ठेवा. आणि मीटिंग रूममध्ये कोणी कागद पुढे केला, तर सही न करता आधी बाईंकडे जा.