परवानाधारक अग्निसुरक्षा एजन्सीची सेवा: गोरेगावातील एका गाळे-सोसायटीचे परीक्षण

व्यावसायिक इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने आगप्रतिबंधक यंत्रणा नुसती बसवून भागत नाही. ती चालू स्थितीत आहे असे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत अग्निशमन दलाकडे सादर करावे लागते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 मधील ही तरतूद गाळेधारकांमध्ये ‘बी फॉर्म’ या नावानेच ओळखली जाते. आमच्या गोरेगाव पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतील सोसायटीने या कामासाठी नवी एजन्सी नेमली, तिच्या सेवेचे हे परीक्षण आहे. व्यवस्थापन समितीच्या ठरावाप्रमाणे एजन्सीचे नाव येथे देत नाही.

आमच्याकडे आलेल्या कोटेशनांपैकी सर्वांत स्वस्त कोटेशन देणाऱ्याने इमारत पाहण्याची गरजही व्यक्त केली नव्हती. मागील वर्षाच्या फॉर्मची प्रत पाठवा, नवा तयार करून देतो, असे त्याचे म्हणणे होते. निवडलेल्या एजन्सीने मात्र दर सांगण्यापूर्वी पंपघर, गच्ची, मीटररूम आणि जिने पाहिले, मंजूर नकाशा मागितला आणि संचालक, महाराष्ट्र अग्निशमन सेवा यांनी दिलेल्या आपल्या परवान्याची प्रत न मागता जोडली. परवान्याची मुदत आणि त्यात नमूद केलेले कामाचे प्रकार प्रत्येक सोसायटीने स्वतः वाचून पाहावेत, कारण आग विझवण्याचे सिलिंडर विकणारा प्रत्येक दुकानदार प्रमाणपत्र देण्यास पात्र असतोच असे नाही.

या एजन्सीचे खरे कौशल्य पंपघरात दिसले. हायड्रंटच्या, म्हणजे आग विझवण्यासाठी पाणी घेण्याच्या नळांच्या, पाइपांतील दाब किंचित उतरला की आधी लहान जॉकी पंप सुरू व्हावा, दाब आणखी उतरल्यास मुख्य पंप आपोआप सुरू व्हावा आणि एकदा सुरू झालेला मुख्य पंप माणसाने बंद केल्याशिवाय थांबू नये, अशी ही रचना असते. त्यांच्या तंत्रज्ञाने वरच्या मजल्यावरील हायड्रंट उघडला, तेव्हा दोन्हींपैकी एकही पंप चालू झाला नाही. जॉकी पंप सतत चालू-बंद होऊन आवाज करतो म्हणून कोणीतरी पॅनेलवरील स्विच ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर फिरवून ठेवला होता. तंत्रज्ञ स्विच परत फिरवून निघून गेला असता तरी कोणाच्या लक्षात आले नसते. त्याने मूळ कारण शोधले. पंपानंतरचा नॉन-रिटर्न वॉल्व्ह (पाणी मागे येऊ न देणारी झडप) नीट बसत नसल्यामुळे पाणी मागे उतरत होते आणि दाब टिकत नव्हता. वॉल्व्ह बदलल्यानंतर शेवटच्या हायड्रंटला दाबमापक लावून पुन्हा चाचणी घेतली. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 नुसार तेथे किमान 3.5 बार दाब अपेक्षित असतो. तो मिळाल्यावरच नोंदवहीत सही झाली.

सिलिंडरांची तपासणीही काटेकोर होती. मीटररूमजवळील कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला दाबमापक नसतो, त्यामुळे बाहेरून पाहून तो भरलेला आहे की रिकामा हे समजत नाही. तो वजनकाट्यावर ठेवूनच पाहावा लागतो आणि आतील वायूचे वजन दहा टक्क्यांपेक्षा अधिक घटलेले असल्यास पुन्हा भरून घ्यावा लागतो. पूर्वीच्या कंत्राटदाराच्या माणसाला मी कधी वजनकाटा आणताना पाहिले नाही. त्याची तपासणी म्हणजे फडक्याने धूळ पुसणे आणि नवी चिठ्ठी चिकटवणे.

गाळ्यांच्या आतील दोष मात्र एजन्सी दाखवू शकते, दूर करू शकत नाही. एका गाळ्यात रंगकामाच्या वेळी स्प्रिंकलरवरही (आगीच्या उष्णतेने उघडून पाणी फवारणाऱ्या छतावरील तोटीवरही) रंग मारला गेला होता. असा स्प्रिंकलर खरवडून चालत नाही, बदलावाच लागतो. दुसऱ्या गाळ्यातील धूर-संवेदकांवर अंतर्गत सजावटीच्या वेळी घातलेली प्लॅस्टिकची टोपणे तशीच होती. जिन्याच्या वळणावरील खोके हलवण्याच्या सूचनेवर काही गाळेधारक चिडले, आणि जाणीव एवढी बोथट कशी होते याचे मला आश्चर्य वाटते, कारण डिसेंबर 2017 मध्ये कमला मिलमधील उपाहारगृहाला लागलेल्या आगीत 14 जणांचा जीव गेला तो परिसर याच शहरात आहे. एजन्सीने प्रत्येक दोषाचे छायाचित्र आणि गाळा क्रमांक अहवालात दिल्यामुळे समितीला नोटिसा काढणे सोपे गेले, आणि दोष दूर होईपर्यंत फॉर्मवर सही करण्यास त्यांनी स्पष्ट नकार दिला. सभेत हा नकार अनेकांना अडवणूक वाटला. माझ्या मते आपण त्यांना पैसे देतो ते याचसाठी. शिवाय अग्निशमन दलाच्या तपासणीत हेच दोष निघाले असते तर प्रकरण नोटिशीपासून वीज-पाणी तोडण्यापर्यंत जाऊ शकले असते.

आता उणिवा. संपूर्ण अहवाल इंग्रजीत आहे, आणि ज्या पहारेकऱ्यांनी व पंपचालकाने तो वाचायला हवा त्यांना त्याचा काही उपयोग नाही. भरण्यासाठी नेलेल्या सिलिंडरांच्या जागी तात्पुरते सिलिंडर ठेवले गेले नाहीत, त्यामुळे दोन मजल्यांचे बाहेरील स्टँड रिकामे राहिले. ही बाब मी गंभीर मानतो. पंपाच्या सुट्या भागांचा खर्च वार्षिक कंत्राटात धरलेला नाही, हे कोटेशनमध्ये अगदी बारीक अक्षरांत होते. पहारेकऱ्यांना होजरील (चक्रावर गुंडाळलेली पाण्याची नळी) उघडण्याचे आणि सिलिंडर चालवण्याचे प्रात्यक्षिक मात्र मराठीत व हिंदीत, प्रत्येकाच्या हातात उपकरण देऊन झाले.

दर स्वस्त नाहीत, तरीही जुलैच्या प्रमाणपत्राचे काम समितीने याच एजन्सीला दिले आहे. कार्यादेशात दोन अटी वाढवल्या आहेत: सिलिंडर उचलण्यापूर्वी त्याच क्षमतेचा पर्यायी सिलिंडर जागेवर ठेवावा आणि दोषांची यादी मराठीतही द्यावी. पहिली अट त्यांनी लगेच मान्य केली. दुसरीसाठी वेगळे शुल्क मागितले आहे, त्यावर बोलणी चालू आहेत.