ऐरोलीच्या खाडीत शाळेची सहल: आधी तिथी बघा

ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र हे शाळेच्या निसर्गसहलीसाठी मुंबई-ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातलं सगळ्यात उपयोगी ठिकाण आहे आणि बहुतेक शाळा ते चुकीच्या दिवशी, चुकीच्या वेळी आणि तिप्पट मुलं घेऊन बघतात. मग ‘फ्लेमिंगो लांबूनच दिसले’, ‘चिखलाचा वास फार’ अशी तक्रार घेऊन बस परत येते. दोष जागेचा कमी, नियोजनाचा जास्त.

आधी जागा काय आहे ते. ठाणे खाडीचा १६.९०५ चौरस किलोमीटरचा पट्टा २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. वन विभागाच्या कांदळवन कक्षाच्या अखत्यारीतलं हे केंद्र खाडीच्या नवी मुंबईकडच्या काठावर आहे. तीन गोष्टी बघायच्या: माहिती दालन, कांदळवनातून जाणारी लाकडी पायवाट आणि बोटीची फेरी. मुलांना बोटीचं आकर्षण असतं. शिकवण्याच्या दृष्टीने पायवाट वरचढ आहे, पण ती ओहोटीलाच. तिढा इथूनच सुरू होतो.

बोटीला पाणी लागतं, कारण खाडी उथळ आहे. पूर्ण ओहोटीला बोट निघत नाही. निवट्या (चिखलावर चालणारे मासे) आणि खेकडे बघायला मात्र चिखल उघडा लागतो, म्हणजे पाणी उतरलेलं हवं. पूर्ण भरतीला फ्लेमिंगोंचे चरायचे चिखलपट्टे पाण्याखाली जातात आणि पक्षी दूर काठावर किंवा आसपासच्या पाणथळींवर जाऊन बसतात. तेव्हा सगळ्यात चांगली वेळ म्हणजे भरती येऊन गेल्यावरची, पाणी उतरू लागतानाची. आधी बोट, मग पायवाट. पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात. शाळेच्या सहा तासांत दोन्ही बसवायचं तर भरती सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास असलेला दिवस शोधायचा.

तो शोधायला कोळीवाड्यातला जुना हिशेब पुरेसा आहे: तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा. हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतो आणि खाडीच्या आत भरती बंदरापेक्षा थोडी उशिरा पोहोचते, म्हणून शेवटी मुंबई बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून आणि केंद्राने दिलेल्या बोटीच्या वेळांवरूनच तारीख पक्की करायची. पण दिनदर्शिका समोर ठेवून महिन्यातले सोयीचे तीन-चार दिवस निवडायला हा हिशेब फार कामाचा. द्वादशी आणि त्रयोदशी, शुद्ध असो वा वद्य, शाळेसाठी उत्तम. चतुर्थी-पंचमीला सकाळी सव्वानऊ-दहाला ओहोटी असते. चिखल छान दिसतो, पण बोट दुपारशिवाय नाही. पौर्णिमा-अमावस्येला उधाण. भरती साडेअकरा-बाराला, म्हणजे बोट ऐन उन्हात आणि पायवाटेखालचा चिखल उघडायला तीन वाजतात. पाचवीच्या खालच्या मुलांना हे झेपत नाही. अष्टमी ते दशमी भांगाचे दिवस, तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. बोटीची फेरी मिळाली तरी चिखल अर्धवटच उघडतो. ‘शनिवार अर्धा दिवस असतो, शनिवारीच जाऊ’ असं ठरवणाऱ्या शाळेला चांगली तिथी मिळाली तर ते नशीब.

महिना कोणता? रोहित पक्षी किंवा अग्निपंख, म्हणजेच फ्लेमिंगो, नोव्हेंबर-डिसेंबरपासून येऊ लागतात आणि मे अखेरपर्यंत असतात. सर्वात मोठे थवे फेब्रुवारीनंतर. मार्चपासून परीक्षा आणि ऊन, त्यामुळे जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी अखेर हीच शाळेची खिडकी. डिसेंबरात नेलं तर पक्षी कमी दिसतील. नेलंच, तर राखाडी-मळकट दिसणारे पक्षी आजारी नसून पिल्लं आहेत हे मुलांना आधीच सांगून ठेवा. गुलाबी रंग खाण्यातून येतो आणि तो चढायला काही वर्षं लागतात.

आता संख्या. मोठ्या बोटीत साधारण दोन डझन माणसं मावतात (आरक्षण करताना पक्की संख्या विचारून घ्या, कारण बोट बदलू शकते). वीस मुलं आणि दोन शिक्षक अशी एक फेरी, आणि एका भरतीत शाळेने दोनच फेऱ्या धराव्यात. फेरीला चढणं-उतरणं, जीवरक्षक जॅकेट घालणं धरून तास जातो. तिसरी फेरी धरली तर पाणी उतरून ती रद्द व्हायची शक्यता असते आणि मग वीस मुलं रडवेली होऊन काठावर उभी. म्हणजे एका दिवशी चाळीस मुलं. तीन तुकड्यांची एकशेवीस मुलं एकाच दिवशी नेणाऱ्या शाळेने बोटीचा विचार सोडून द्यावा, किंवा तीन तारखा घ्याव्यात. खर्च वाढतो, हे मान्य.

चाळीस मुलांचा दिवस त्रयोदशीला असा बसतो. नऊला केंद्रावर, लगेच स्वच्छतागृह, कारण बोटीवर सोय नाही. पावणेदहा-दहाला पहिला गट बोटीत, दुसरा दालनात. अकराच्या आसपास अदलाबदल. बाराला डबे. साडेबारापासून दीड-दोनपर्यंत सगळे पायवाटेवर. पहिल्या फेरीला पाणी भरलेलं आणि पक्षी दूर, दुसऱ्या फेरीला चिखलाच्या कडा उघडू लागतात आणि पक्षी परत यायला लागतात. म्हणून लहान मुलं किंवा उतावीळ गट दुसऱ्या फेरीला ठेवा. धीर धरू शकणारे आधी.

बोटीबद्दल अपेक्षा आधीच जमिनीवर आणा. बोट थव्यात घुसत नाही, घुसूही नये. थवा उडाला म्हणजे त्यांचं खाणं मोडलं. मोबाईलच्या फोटोत गुलाबी ठिपके येतात, एवढंच. दुर्बीण मात्र हवीच: चार मुलांत एक, ८×४० किंवा ८×४२. १०× च्या दुर्बिणीत हलत्या बोटीवर काही स्थिर राहत नाही. दुर्बीण वापरायची सवय शाळेच्या गच्चीवर अर्धा तास करून घ्यायची: डोळ्यांमधल्या अंतराप्रमाणे नळ्या जुळवायच्या, नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्याशी आणायची, पट्टा गळ्यात. हे न करता निघालेल्या गटातली निम्मी मुलं पूर्ण फेरीभर आभाळ बघतात.

बघायचं काय, तर चोच आणि पाय. गडद किरमिजी, लांबून काळीच वाटणारी चोच असलेला तो छोटा रोहित. फिकट गुलाबी चोच आणि फक्त टोक काळं, तो मोठा. ठाण्याच्या खाडीत छोटे फार जास्त. चोच उलटी करून पाण्याच्या वरच्या थरातलं शेवाळ गाळून खातात; मोठा जरा खोल बुडवून कोळंबीसारखे जीवही टिपतो. पायाचा मागे वाकणारा सांधा म्हणजे गुडघा असं मुलं छातीठोकपणे सांगतात. तो घोटा आहे, गुडघा वर पिसांत दडलेला. हा एक मुद्दा घरी जाऊन शंभर टक्के सांगितला जातो. शेकाट्या, तुतवार, कुरव, बगळेही दिसतात, पण पहिल्याच सहलीत वीस नावांची यादी देऊ नका. यादी दिली की मुलं खुणा करतात, पक्षी बघत नाहीत.

पायवाटेवर येऊ. इथे पहिली गोष्ट वास. कुजक्या अंड्यासारखा वास आला की मुलं नाक दाबतात आणि शिक्षक ‘प्रदूषण’ म्हणून मोकळे होतात. खाडीत सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी येतं हे खरंच आहे, पण हा वास निरोगी कांदळवनातही येतो. चिखलात हवा शिरत नाही, तिथले जीवाणू ऑक्सिजनशिवाय जगतात आणि गंधकाचा वायू सोडतात. आणि चिखलात हवा नाही म्हणूनच तिवराची (हे कांदळवनातलं एक झाड) मुळं पेन्सिलीसारखी सरळ वर येतात, श्वास घ्यायला. नाकाला लागलेला वास आणि डोळ्यांना दिसणारी मुळं एकाच वाक्यात जोडून दाखवता येतात, अशी संधी वर्गात कधी मिळत नाही.

तिवराचं पान उन्हात तिरपं धरून बघितलं की वर मिठाचे बारीक कण चकाकताना दिसतात. खालची बाजू पांढुरकी. कठड्याबाहेर झुकायचं नाही, पानं तोडायची नाहीत. हाताशी येणारं पान फांदीवरच धरून बोट फिरवा, बोटाला खरखर लागते. चाखायचा मोह आवरा, पाणी स्वच्छ नाही. रात्री पाऊस किंवा दाट दव पडलं असेल तर कण धुऊन गेलेले असतात, म्हणून ते दिसले नाहीत तर ‘पुस्तकात चूक आहे’ असं म्हणू नका. चिप्पी या दुसऱ्या कांदळवृक्षाची श्वसनमुळं (हवा घ्यायला वर येणारी मुळं) तिवराच्या मुळांपेक्षा जाड आणि शंकूसारखी. पांढरी चिप्पी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. तिची फुलं रात्री उमलतात, त्यामुळे सहलीत उमललेलं फूल दिसायची आशा धरू नका, खाली पडलेले पुंकेसर दिसू शकतात.

मोजमापाचं काम द्यायचं असेल तर अर्धा इंची पीव्हीसी पाइपचे ५० सेंटिमीटरचे चार तुकडे आणि चार एल्बो घेऊन एक चौकट बनवा. चारही कोपऱ्यांना दोन-दोन मीटरची सुतळी बांधून केंद्राच्या परवानगीने ती पायवाटेवरून अलगद चिखलावर सोडा. चौकटीत किती श्वसनमुळं, किती खेकड्यांची बिळं, ते मोजा. तीन ठिकाणी: पायवाटेच्या सुरुवातीला, मध्ये आणि पाण्याच्या बाजूला. आकडे वेगळे येतात, का येतात हा पुढच्या तासाचा विषय. दोन गोष्टी बिघडतात. सुतळ्या सारख्या लांबीच्या नसतील तर चौकट तिरपी पडते. आणि लाकडावर पावलं आपटली की खेकडे बिळात जातात, मग बिळं मोजली जातात, खेकडे शून्य. चौकट सोडल्यावर पाच मिनिटं कोणी हलायचं नाही, घड्याळ लावून. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला पहिला खेकडा डोकावतो. एक नांगी अंगाएवढी मोठी आणि ती हलवत असेल तर तो नर. दोन्ही नांग्या लहान, ती मादी.

निवट्या या सहलीचे खरे नायक. मासा असून चिखलावर चालतो, पुढच्या परांवर अंग रेटतो, डोळे डोक्याच्या वर, आणि मधूनच ते आत ओढून ओले करतो. कातडी आणि तोंडाच्या अस्तरातून हवा घेतो, म्हणून त्याला अंग ओलं ठेवावं लागतं आणि तो सारखा डबक्यात लोळतो. आगरी-कोळी घरातल्या मुलांना निवट्यांचं कालवण माहीत असतं. त्यांना बोलू द्या, तिथे शिक्षकापेक्षा त्यांना जास्त माहिती असते.

सामान थोडकं: टोपी, दीड लिटर पाणी, मागे पट्टा असलेले बूट (चपला चिखलात नाही, बोटीच्या पायरीवर घसरतात), फिके कपडे, पॅड आणि पेन्सिल, कारण पेनची शाई दमट हवेत पसरते. दहा मुलांमागे एक मोठा माणूस. जीवरक्षक जॅकेट लहान मापाची आहेत का हे आरक्षणावेळीच विचारा. मोठ्या मापाचं जॅकेट लहान मुलाच्या खांद्यावरून वर सरकतं, मग ते असून नसून सारखं. बसमधला लाऊडस्पीकर उतरायच्या आधी बंद.

पहिली-दुसरीसाठी हे ठिकाण नको. त्यांच्यासाठी माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान: कचऱ्याच्या डेपोवर उभं राहिलेलं ३७ एकरांचं रान, सावली आहे आणि भरतीची वेळ सांभाळावी लागत नाही. जंगलच दाखवायचं असेल तर पनवेलपुढचं कर्नाळा, पण तिथे किल्ल्याच्या सुळक्याकडे मुलं नेऊ नका, आग्यामोहोळं असतात.

बोट रद्द होण्याची तयारी ठेवूनच निघा: वारा वाढला, पाणी कमी पडलं, तर केंद्र फेरी थांबवतं आणि ते योग्यच. अशा वेळी मुलांना दालनात दोन तास कोंडू नका. पीव्हीसीच्या चौकटी एकीऐवजी चार करून न्या, गट छोटे होतील, आणि पाणी उतरताना दर वीस मिनिटांनी एकाच मुळावर पाणी कुठवर आहे ते टिपायला सांगा. दीड तासात पाच नोंदी होतात आणि ओहोटी किती वेगाने उतरते ते वहीत येतं.