मोडलेले ट्रेनर विमान पुन्हा सरळ उडाले: पुण्यातील एका दुरुस्ती सेवेचा अनुभव

माझे १४०० मिलिमीटर पंखविस्ताराचे, रिमोटवर उडणारे फोमचे ट्रेनर (शिकाऊंसाठीचे) विमान वळण घेताना वेग कमी पडल्यामुळे नाकावर आदळले. मोटरची बैठक उखडली, उजवा पंख मुळाशी मोडला आणि शेपटीजवळ धडाला आरपार तडा गेला. त्याआधीच्या अपघातानंतर मी ते घरीच चिकटवले होते, तेव्हा ते हवेत जाताच नाक वर करून हेलकावे खाऊ लागले होते. म्हणून या वेळी पुण्यात घरच्या घरी हे काम करणाऱ्या एका कारागिरांकडे विमान सोपवले.

त्यांच्या कामातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे त्यांनी विमान नुसते सांधून दिले नाही, तर त्याचा तोल परत आणून दिला. पंख चिकटवण्यापूर्वी त्यांनी दोन्ही टोकांपासून शेपटीच्या मध्यापर्यंत दोरा ताणून पाहिला आणि ७ मिलिमीटरचा फरक निघाल्यावर सांधा पुन्हा घासून घेतला. शेपटीतील इपॉक्सी गोंद आणि कार्बनची सळई यांचे वजन अवघे १२ ग्रॅम भरले, परंतु गुरुत्वमध्यापासून, म्हणजे विमान जिथे तोलले जाते त्या बिंदूपासून, ते अर्धा मीटर मागे असल्यामुळे तेवढ्यानेही विमान मागे झुकत होते. पंखाखालच्या खुणेवर दोन बोटांनी विमान तोलून धरत त्यांनी बॅटरी अडीच सेंटिमीटर पुढे सरकवली, नाकात ६ ग्रॅम शिसे बसवले आणि नाक किंचित खाली झुकल्यावरच ते थांबले.

पहिले उड्डाण गायरो (विमान आपोआप स्थिर ठेवणारे उपकरण) बंद ठेवून करावे, असा त्यांचा आग्रह होता आणि तो मला पूर्णपणे पटला, कारण चुकलेला तोल गायरो काही काळ झाकून ठेवतो आणि वेग कमी होताच तो उघडा पडतो. सकाळच्या शांत हवेत, थ्रॉटल (मोटरची गती) निम्म्याच्या थोडे वर ठेवून मी रिमोटच्या दोन्ही काड्या सोडल्या, तेव्हा विमान दहा सेकंद तरी हाताचा आधार असल्यासारखे सरळ गेले. इतक्या मोडतोडीनंतर ते पाहताना मला फार समाधान वाटले.

उणिवाही आहेत. पूर्ण थ्रॉटलवर विमान डावीकडे ओढत होते, कारण नवी बैठक बसवताना ही ओढ सावरण्यासाठी ठेवलेला मोटरचा उजवीकडचा कल नाहीसा झाला होता. डावीकडच्या स्क्रूंखाली वॉशर घालून त्यांनी तो दोष विनामूल्य दूर केला. कामाला चार दिवसांऐवजी नऊ दिवस लागले आणि रंगाचे ठिगळ दुरूनही दिसते. तरीही १,४०० रुपये मला वाजवी वाटले. विमान देताना नेहमीची बॅटरी सोबत न्यावी. दुसऱ्या वजनाच्या बॅटरीवर साधलेला तोल मैदानावर उपयोगी पडत नाही.